पाच बोटांचे दादूशेट

"एआयच्या मशीनने काढलेलं चित्र मला वासाने कळतं," विनोद आंबेवाल्याने अख्ख्या दुकानाला सांगितलं. यंदा त्याला आंब्याच्या पेटीवर वारलेल्या बापाचं, दादूशेटचं चित्र हवं होतं, तेही माणसाच्या हातचं. त्याच आठवड्यात तीन चित्रकारांनी चित्रं धाडली. तिन्ही मशीनची. तिन्ही विनोदला पसंत. तिसऱ्यात दादूशेट हापूसच्या झाडावरून नारळ उतरवत होते.

"मेल्या, आंब्याला नारळ लागले तरी तुला वास नाय आला?" त्याची आई गंगुबाई कडाडली.

मग विनोद केरूकडे गेला. हाताने बोर्ड रंगवणारा गावातला शेवटचा म्हातारा. फ्लेक्स आले तेव्हापासून त्याच्या ब्रशने बायको पिठाची चाळण झाडायची.

"विनोदशेट, कोपऱ्यात माझं नाव टाकू द्याल?"

"टाका की, नाना."

"मग पहिली पेटी अलोऱ्याला माझ्या बहिणीला धाडा. सखूला बघू दे, भाऊ अजून कामाचा आहे."

केरू नऊ दिवस दुकानातच बसून रंगवत होता. दादूशेट हुबेहूब उतरले, डाव्या हाताच्या सहा बोटांसकट. ती त्यांना जन्मापासून होती. गंगुबाईने पदर डोळ्यांना लावला. विनोदने चित्राशेजारी केरूला उभं करून फोटो काढला आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शंभर टक्के माणूस'.

धडाधड उत्तरं आली.

'सहा बोटं! मशीनला बोटं मोजता येत नाहीत. सापडली!'

'बाजूचा म्हातारापण मशीनचाच काय रे?'

विनोदचे कान लाल झाले. "नाना, एक बोट पुसा."

"तुमच्या बापाचं आहे ते. मी खाटीक नाय."

"मग उठा!"

केरूने ब्रश धुतले नि घरी गेला. विनोदने तोच फोटो मुलीच्या, सानिकाच्या हातात दिला. "मशीनला सांग, यातला म्हातारा पेटीवर हवा. पाच बोटांचा! नि चंदनाचा हार घाल."

मशीनने सांगितलं ते ऐकलं. फोटोत पाच बोटांचा म्हातारा एकच होता.

विनोदने बोटं मोजली. पाच. परत मोजली. वर तोंडाकडे बघायचं तेवढं राहिलं. चार हजार पेट्या छापून आल्या. सगळ्यांवर केरूचं तोंड, गळ्यात हार, खाली नाव दादूशेटचं. कोपरा कोरा.

दिलेला एक शब्द मात्र विनोदने पाळला. पहिली पेटी अलोऱ्याला गेली. सखूला वाचता येत नाही. भावाच्या फोटोला चंदनाचा हार बघितला, तिने डोक्यावरून आंघोळ केली नि सुतक धरलं. आंब्यांना कोणी हात लावला नाही.

हे केरूच्या कानावर आलं. सखूचा फोन लागेना, तसा तो मिळेल ती एसटी पकडून निघाला. भरदुपारी बहिणीच्या दारात उभा राहिला. "सखू, अगो मी आलो!"

सखूने दार उघडलं, ती किंचाळली आणि मागच्या मागे आंब्याच्या पेटीवर पडली. पेटी फुटली. सखूचा पाय दोन ठिकाणी मोडला.