दुसरी फेरी

“मावशी, तुम्हाला घरात एकटं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी की नेहमी?” सुनीतीने वाचलं आणि पेनाचं टोक ‘कधीच नाही’च्या चौकटीवर नेऊन ठेवलं. महिन्यापूर्वी मुक्ताईंनी याच सोफ्यावर बसून तेच उत्तर दिलं होतं.

आयटी पार्कसाठी जमिनी गेलेल्या घरांतल्या बायकांचं मानसिक स्वास्थ्य, हा तिच्या प्रबंधाचा विषय. महिन्याच्या अंतराने त्याच बाईला तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. निम्म्या बायकांची जुळली नव्हती. आणखी थोडी बिघडली, तर सगळं पहिल्यापासून करा, असं मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं होतं. त्यांना काय, त्यांना शनिवार पेठेतून हिंजवडीपर्यंत कंपन्यांच्या बसमागे धूर खात स्कूटर दामटायची नव्हती. विषय निवडतानाचा उत्साह कुठल्या सिग्नलला सांडला, ते सुनीतीला आता आठवतही नव्हतं. ती अगदी विटून गेली होती.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी सॉफ्टवेअरवाली मुलं जिना उतरून गेली. त्यांचा आवाज विरेपर्यंत मुक्ताई दाराकडे बघत बसल्या.

“ताई, एक इचारू का?”

मुलाखतीत समोरच्याच्या प्रश्नांत गुंतायचं नसतं. सुनीतीने नुसती मान डोलावली.

“गेल्या खेपंला मी खोटं बोलले. त्ये कळलं म्हनूनच पुन्यांदा आलाय ना?”

सुनीतीने पेन चौकटीवरून उचललं.

“तवा मालक हितंच बसलं व्हतं. म्हनलं, समदं झ्याक हाय. शेत गेल्यापासनं माझ्या पोटात काय चाललंय, ते सख्ख्या भनीलाबी कळलं न्हाई. तुमाला बरं कळलं.”

अशा वेळी काय म्हणायचं, ते सरांनी पाठ करून घेतलं होतं. आम्ही सगळ्यांनाच दोनदा विचारतो, यात चूक-बरोबर काही नसतं. तेवढं म्हटलं की मुक्ताई पदर सारखा करतील, समदं झ्याक म्हणतील, उत्तरं जुळतील आणि ती उजेडात घरी पोचेल. तिला मनापासून तेच हवं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मुक्ताई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. इतक्या लांबून कुणीतरी फक्त आपल्यासाठी आलं, याचं नवल त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

“हो,” सुनीती म्हणाली. “म्हणूनच आले.”

मुक्ताईंनी उठून दार लोटून घेतलं आणि त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या.

“मंग पयल्यापासनं इचारा.”