लव्हाळ्यातली पाळत

सोनारीजवळच्या तळ्यावर अण्णाराव फोटोवाला उतरला आणि साऱ्या गावाच्या कपाळाला आठ्या पडल्या. रझाकारांच्या धामधुमीत सोलापूरहून कुणी शहाणा माणूस पाखरांचे फोटो काढायला येतो होय? त्यानं काठावर कडब्याची खोप घातली, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "चमचे आलेत ना, त्यांचे फोटो काढायचेत." पळीसारख्या चोचीची ती पांढरी पाखरं दर हिवाळ्यात चिखल घुसळत असतात, गावात त्यांच्याकडं कुत्रंही बघत नाही.

कडूबाईची तर झोपच उडाली. तिचा नवरा बलभीम निजामाच्या करोडगिरीचा जकातनाका जाळून आलेला, मांडीत गोळी लागलेली, आणि त्याच तळ्याच्या लव्हाळ्यात लपलेला. गवत कापायच्या मिषानं ती त्याला भाकरी पोचवायची.

त्यात दुकानदार महालिंगप्पानं तेल ओतलं. "हा आल्यापासून चौकीचा एक शिपाई तळ्याकडं फिरकला न्हाय. आधी बदकं मारायला यायचे का न्हाय? आता ह्योच बसलाय त्यांचा डोळा होऊन!"

गावाला पटलं. आणि एकदा गावाला पटलं की पुढं विचार करायची तसदी कोण घेतो!

एका सकाळी कडूबाईनं बांधावरून पाहिलं. अण्णाराव आणि त्याचं सामान वाहणारा शिवशरण, दोघं खोपीत शिरले. थोड्या वेळानं शिवशरण एकटाच बाहेर आला आणि हात हलवत, मोठ्यानं खाकरत गावाकडं निघून गेला. दुसरा आत गपगार. कुणाला दाखवायला हे सोंग?

दुपारी अण्णारावानंच तिला हटकलं. "बाई, त्या लव्हाळ्यात रोज कशाला जाता?"

ह्याला सगळं कळलं, असंच तिनं धरलं. दिवेलागणीला तिनं बलभीमला बैलगाडीत घातलं, वर कडबा रचला आणि दिराला गाडी निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं हाकायला सांगितली. सरहद्दीवर शिपायांनी कडब्यात बरच्या खुपसल्या. बलभीम ओरडला, धरला गेला. अंधारात निसटलेला दीर सकाळी रडत घरी आला.

कडूबाई विळा घेऊन धावली आणि तिनं खोप टराटरा फाडली.

"आमच्या मालकाला धरून दिलंस मुडद्या!"

"कुणाला? मी चौकीची पायरीसुद्धा चढलो नाही, बाई."

"मग दोघं आत जाऊन एकलाच भाईर का येतो?"

"पाखरांना मोजता येत नाही. एक गेलेला दिसला की खोप रिकामी झाली असं वाटतं त्यांना, मग ती जवळ येतात. तुम्ही गवतात शिरलात की उठतात, म्हणून विचारलं."

"आन शिपाई? ते का येईनात?"

"त्यांना मीच बंद केलंय. बंदुका उडवल्या तर एक पाखरू राहील का? जिल्ह्याच्या तालुकदारांचा हुकूम आणलाय. मी इथं आहे तोवर एकाही शिपायानं तळ्यावर पाय ठेवायचा नाही."

तिच्या हातातला विळा खाली आला. चमचे उडून पार पलीकडच्या काठाला गेले होते.

"तुमी... किती दिस ऱ्हाणार व्हता?"

"उन्हाळा लागेपर्यंत."

कडूबाई चिखलातच बसली.

"तवर मांडी भरून आली असती की वो," ती म्हणाली.