बत्ती गेल्यानंतरचं शून्य

कस्तुरीने नरहरकाकांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, पण तोवर त्यांनी खटका दाबला होता. लोखंडी पेटीतली चकती फिरायला लागली.

“पागल झालीस काय गं!” काकांनी तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. कॉलेजचं वर्कशॉप त्यांच्या ताब्यात, आणि चाचणी बघायला आलेले पाहुणे चहा संपवून यायच्या आत त्यांना चकती पूर्ण वेगात हवी होती.

चकती मुकुलदादाची, तिच्या सख्ख्या भावाची. अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात टंगस्टनच्या तारा. गार होताना अ‍ॅल्युमिनियम आखडायला बघतं, तारा आखडू देत नाहीत. ती ओढाताण आतच कोंडून बसते. ती किती, ते मोजायला दादाने चकतीत बारीक भोक पाडलं. भोवतालचा धातू सैल पडेल तसा मीटरवर आकडा चढायचा, कस्तुरी तो वहीत उतरवायची. शेवटचा आकडा तीनशे नव्वद. कॉम्प्युटरवरचं गणित आठशे सांगत होतं, तर दादाने गणितच वाकवून तीनशे नव्वदवर आणलं आणि चकतीचा वेगही त्यावरूनच ठरवला!

आज वही चाळताना तिला दिसलं. चारशे दहा. खाली तिच्याच अक्षरात, ‘बत्ती गुल’. मग शून्य. भोक अर्धं झालं असताना वीज गेली होती, आणि आल्यावर दादाने सवयीने मीटर पुन्हा शून्यावर लावलं होतं. चारशे दहा आणि तीनशे नव्वद, आठशे! चकती फुटणार होती.

दादा पेटीच्या झरोक्याला डोळा लावून स्टुलावर बसला होता.

“दादा, ऊठ! बेरीज राहिलीय!”

“कस्ते, आई मंगला गौरीच्या देवळात गेलीय ना? जा, तिकडे घंटा बडव.”

कस्तुरीने भलामोठा पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. दादा किंचाळत उठला, तिच्या कानाखाली वाजवायला धावला. तिने त्याचे केस धरून त्याला खाली ओढलं. दोघं फरशीवर कोसळली.

तेवढ्यात पेटी फाटली.

झरोक्यातून आलेल्या तुकड्याने स्टूल उभं चिरलं. काकांच्या गालात एक तार रुतली. ते गाल धरून खाली बसले, बोटांमधून रक्त वाहत होतं.

दादाने चिरलेल्या स्टुलाकडे पाहिलं. त्याचं कपाळ फरशीवर फुटलं होतं. मग त्याने फरशीवर पडलेली वही ओढली आणि ‘बत्ती गुल’पाशी अधिकचं चिन्ह काढलं. त्यावर रक्ताचा थेंब पडला.

“पुसू नकोस,” कस्तुरी धापा टाकत म्हणाली, “आकडा फिसकटेल.”