बुवा संपेपर्यंत झाकण उघडायचे नाही

खर्र... खर्र...

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. ऐका मित्रांनो. मित्रांनो असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुम्ही माझे मित्र नाही. तुमच्यातले निम्मे मला पाहताच आधी बोट घालतील आणि उरलेले विचारतील, याला चार्जिंग कुठून करायचे?

तरीही सांगतो. लाकडी पेटी, पोटात मोटर, वर फिरणारी थाळी आणि दोहोंना जोडणारा एक रबरी पट्टा, एवढाच माझा संसार. दुकानाच्या काचेमागे बसून मी दिवाणखान्याची स्वप्ने पाहिली. नशिबी आले स्वयंपाकघर.

मला नेणारा माणूस ट्रकड्रायव्हर होता. त्याला आयुष्यभर दोनच नाद होते: मुलखामुलखांतले रस्से आणि मुलखामुलखांतली गाणी. माल उतरवी तिथल्या खानावळीत जेवायचा, आचाऱ्याचा पिच्छा पुरवून मसाला काढून घ्यायचा आणि निघताना तिकडचीच एक तबकडी बगलेत मारायचा. घरी आला की मला शेगडीशेजारच्या फळीवर बसवून ती तबकडी लावी आणि तिथलाच रस्सा रांधी. किनाऱ्याकडचा नारळाचा रस्सा नावाड्यांच्या गाण्यावर. सपाटीवरचा ताकाचा रस्सा बासरीवर. आणि त्याचा सगळ्यात लाडका, डोंगरापलीकडचा काळा रस्सा, एका बुवाच्या संथ गाण्यावर. बुवाचे नाव ठाऊक नाही. तबकडीवरच्या कागदावर तेल सांडून ते केव्हाच गेले.

त्याचा नियम एकच होता. पातेल्यावर झाकण ठेवले की तबकडीची बाजू संपेपर्यंत उघडायचे नाही. तो म्हणे, "मधेच झाकण उचलतो तो स्वयंपाक करत नाही, चहाड्या करतो." घड्याळ त्या खोलीत कधी आलेच नाही.

आणि मी? माझ्यावर फोडणी उडे. हळद बसे. वाफेने लाकूड फुगे. पुसले कुणी नाही. शेगडीच्या धगीने माझा पट्टा सैल पडू लागला. इतका हळूहळू, की कुणाला कळले नाही. गाणे लांबत गेले, झाकणाखालचा रस्सा जास्त जास्त मुरत गेला. पाहुणे बोटे चाटत म्हणत, "वयाबरोबर हाताला चव आली बघा."

हाताला!

घरातल्यांचे सांगतो. थोरल्या मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला मसाल्याचा वास येई, म्हणून वर्गात त्याला 'फोडणी' म्हणत. तो घरी येऊन माझ्या फळीला लाथ घाली. धाकटी मुलगी मात्र स्टुलावर उभी राहून सारे शिकली आणि लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. मग थोरल्याची बायको आली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "घरात कुणी आजारी आहे, की हे गाणं आहे?" तिची खोली भिंतीपलीकडे. रोज भिंतीवर थाप मारून म्हणायची, "मेला हा बुवा एकदाचा संपत का नाही?" नणंद-भावजयीचे तर विळ्याभोपळ्याचे सख्य.

तबकडी उलटा. दुसरी बाजू.

ड्रायव्हरला झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणले, तर जेवेना. सुनेने मऊ भात केला, सूप केले, त्याने तोंड फिरवले. थोरल्याने फर्मान काढले, "रविवारपर्यंत जेवले तर घरी. नाहीतर संस्थेत ठेवू. तिथं नळीनं भरवतात." धाकटी रडली नाही. म्हणाली, "काळा रस्सा मी करते. तो ते सोडणार नाहीत."

आणि रस्सा करण्याआधी प्रेमाने तिने मला मिस्त्रीकडे नेले.

मिस्त्रीने माझी हळद स्पिरिटने खरवडली. जुना पट्टा कचऱ्यात टाकला. नवा ताणून बसवला आणि तबकडी लावली. खणखणीत आवाजात एक बाई गाऊ लागली.

धाकटी चाट पडली. बुवा कुठे गेला, म्हणाली. मिस्त्री हसला. म्हणाला, "ताई, बुवा नव्हताच. बाईच होती. मशीन रेंगाळत होतं तुमचं." ती खूश झाली. मला कुणी विचारले नाही. माझा गळा कापून दुसऱ्याचा बसवला आणि वर म्हणाले, नव्यासारखा झाला!

तिने रस्सा टाकला. झाकण ठेवले. बाई गायली, बाजू संपली, झाकण उघडले. घमघमाट होता. बापाने घास जिभेवर ठेवला आणि डाव्या हाताने ताट सरकवले. ताट सरकवले. ताट सरकवले. ताट सरक

(सुई अडकली. टपली मारा कुणीतरी. हळू!)

मसाला कच्चा होता. दुसऱ्या दिवशी तिने मसाला वाढवला, पुन्हा तेच. सून दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, रस्सा आहे की मसाल्याचं पाणी?" धाकटी म्हणाली, "तुमच्या भाताला तरी कुठं शिवले ते, वहिनी?"

रविवारी सकाळी थोरल्याने संस्थेत फोन लावला. मग येऊन माझी वायर उपटली. भंगारवाल्याला देतो म्हणाला आणि मला उचलले. फळीला बसलेल्या सगळ्या लाथा आता हातात उतरल्या होत्या.

"ठेवा ते खाली," सून म्हणाली.

मला वाचवायला नव्हे. ती नणंदेकडे वळली. "इतकी वर्षं त्या बुवाला शिव्या घातल्यात मी. माझ्याइतका कुणी ऐकला नाही त्याला. त्याची एक बाजू संपेपर्यंत माझे धुतलेले सगळे कपडे दोरीवर जायचे. ही बाई संपली तेव्हा निम्मी बादली तशीच होती. तुमचं झाकण लवकर उघडतंय, वन्सं."

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग किती वेळ ठेवायचे, ते मात्र दोघींनाही सांगता येईना.

मला पुन्हा फळीवर ठेवले, वायर लावली. रस्सा टाकला, झाकण ठेवले. सुनेने सासऱ्याची खुर्ची आत ओढून आणली. बाई गाऊ लागली. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने डावा हात लांबवला आणि तबकडीच्या काठावर अंगठा टेकवला.

बाई अडखळली. जड झाली. आणखी जड झाली. आणि खोलीत बुवा गाऊ लागला.

थोड्या वेळाने अंगठा काठावरून निसटू लागला. सुनेने त्याच्या जागी आपले बोट ठेवले. त्याने तिच्या बोटावर बोट दाबून सांगितले: एवढे नाही. हं, एवढे. बाजू संपेपर्यंत ती तशीच उभी होती, ज्या बुवाचे मरण तिने रोज मागितले होते त्याला जिवंत धरून.

मग धाकटीने झाकण उचलले. ताट वाढले. घास तोंडात गेला, बराच वेळ तिथेच राहिला.

ताट सरकले. या वेळी स्वतःकडे.

दोघी अजूनही एकमेकींशी धड बोलत नाहीत. थोरल्याने पुन्हा फोन लावून संस्थेला नको म्हणून सांगितले, पण स्वयंपाकघरात तो येत नाही. माझा पट्टा नवाच आहे, म्हणून रस्सा असला की कुणाचे तरी बोट माझ्यावर असते. मला ते आवडत नाही.

आता रीतीप्रमाणे, मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगून मी तुमचा निरोप घ्यायला हवा. जपाच. पण एखादी दुरुस्त करण्याआधी, तिला रोज शिव्या घालणारे माणूस घरात असेल तर त्याला विचारा. त्यानेच तिला नीट ऐकलेले असते.

झाले. घातलेले बोट काढा आता. आणि त्या पातेल्याकडे बघू नका. बाजू अजून संपलेली नाही.