दोनदा ओतलेलं पाणी

पंकजाला जाऊन चार महिने झाले होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. तिचं तारण झालं का?

ती हिंदू घरातली. माझ्याशी लग्न झाल्यावरही तशीच राहिली, मी कधी आग्रह केला नाही. मागच्या वर्षी तीच म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. शिकवणी झाली, ईस्टरला बाप्तिस्मा ठरला. तीन आठवडे उरले असताना न्यूमोनिया झाला आणि ती कोपरगावच्या दवाखान्यात वारली.

फादरांनी तिला आमच्याच दफनभूमीत पुरलं. म्हणाले, तिची इच्छा होती, तेवढी पुरते. मला पटायचं, पण घरी आलो की आजीचं बोलणं आठवायचं. बाप्तिस्म्याच्या पाण्यावाचून स्वर्ग नाही, असं तिनं लहानपणी शिकवलं होतं.

रविवारी शेजारच्या गोजरबाई मावशी आल्या. दवाखान्यात त्याच पंकजाजवळ बसायच्या. आत येईनात. दारातूनच म्हणाल्या, "डेव्हिड, माझ्याकडून एक चुकी झालीया."

शेवटच्या दुपारी मी औषधं आणायला गेलो होतो. तेव्हा पंकजानं मावशींना बाटलीतलं पाणी आपल्या डोक्यावर ओतायला लावलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायला लावले. मी परतलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती. आपण हिंदू, आपल्या हातानं तिचा विधी बाटला, या भीतीनं मावशी इतके दिवस गप्प होत्या.

मी चप्पलसुद्धा घातली नाही. मावशींना मोटारसायकलवर बसवलं आणि थेट चर्च गाठलं.

फादर जेवत होते. ऐकताच ताट सोडून उठले आणि मावशींना विचारू लागले. नुसतं पाणीच होतं ना? डोक्यावरून वाहिलं? मनात काय होतं?

"मला काय कळतंय," मावशी म्हणाल्या. "तिला जे पायजे हुतं ते द्यायचं हुतं."

फादरांनी शब्द म्हणायला सांगितले. मावशी पिता म्हणाल्या, पुत्र म्हणाल्या आणि थांबल्या. मी बोलणार, तेवढ्यात फादरांनी हातानं गप्प केलं.

"हितंच चुकले हुते," मावशी म्हणाल्या. "पवित्र आत्मा इसरले. तर पंकजा हसाया लागली. धाप लागलेली, आन हसतीया. मग तिनं पुन्हा म्हनून घेतलं समदं."

"आणि पाणी? ते पुन्हा ओतलं?"

"वतलं की. उशी भिजली म्हनून नर्स लई बोलली मला."

फादर मोठ्यानं हसले. म्हणाले, झाला बाप्तिस्मा. अडचणीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतं, देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही. ते उठून बाप्तिस्म्याचं रजिस्टर आणायला गेले. मी हसत होतो, रडत होतो.

मावशी मात्र पदराशी चाळा करत बसल्या. फादर आल्यावर त्यांनी विचारलं, "तिला मी आत घातलं. मग मी भायेरच का?"

फादरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तारणाला चर्च लागतं, हे मी लपवणार नाही. पण ज्याला आपली चूक नसताना ते उमगलं नाही आणि जो मनातल्या देवाचं ऐकून वागला, त्यालाही देव तारू शकतो. देवानं तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय, स्वतःला बांधून घेतलेलं नाही."

मावशींनी हातातला पदर सोडला. "म्हंजी मला वाटच न्हाई, असं न्हाई."

"तसं नाही."

"मग लिव्हा."

फादर लिहीत असताना त्या वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, बग रे, बरुबर लिव्हत्यात का. मी बघितलं. पंकजाचं नाव होतं, तारीख होती आणि बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात गोजरबाई. बरोबर लिहिलं होतं.