पंचमीचा मुराळी

दारात योगीराजदादाला बघून रोहिणीच्या हातातलं सूप खाली पडलं. सहा वर्षांनी भाऊ आला होता, तोही पंचमी दोन दिवसांवर असताना! शेजारणींचे भाऊ मुराळी होऊन येत, बहिणींना माहेरी नेत, आणि ही बिचारी दार लोटून बसे. जातीबाहेरच्या धम्मदीपशी लग्न केलं, तेव्हा याच दादानं पोखर्णीच्या पारावर त्याला जित्ता न ठेवायची शपथ घेतली होती. तेव्हापासून दोघं ठावठिकाणा न सांगता येलदरीला राहत होते. पण भाऊ दारात उभा राहिल्यावर कुठलं काय आठवतंय! तिनं चहा टाकला, पिशवी काढली, त्यात दोन लुगडी कोंबली.

"आईनं धाडलं का रे, दादा?"

दादानं चहाला हात लावला नाही. खिशातून कागद काढला. "हे तुझंच अक्षर ना?"

तो तिचाच अर्ज होता. तेव्हाचं सरकार अशा जोडप्यांना शाल-नारळ देई, संरक्षण देई. पोलिसांना चटकन पोचता यावं म्हणून नवरा कुठल्या वेळी कुठं असतो, तेही अर्जात विचारलं होतं. माहेरचा रकाना कोरा ठेवा, असं कचेरीतल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. पण तो कोरा ठेवणं रोहिणीच्या जिवावर आलं. तिनं बापाचं नाव, पोखर्णीचा पत्ता वळणदार अक्षरात लिहिला. काय दुर्बुद्धी सुचली म्हणावी!

"ह्यो तुझ्याकडं कसा आला?" तिनं विचारलं.

"सरकार बदललं, कायदाबी बदलला. असल्या लग्नाचे जुने अर्ज काढून आईबापाला धाडायलेत. तूच पत्ता दिलतास, घरपोच आला."

रोहिणीनं कागद ओढून घेतला. कागद तोच होता, एक अक्षर बदललं नव्हतं. धम्मदीप मासळीच्या वजनकाट्यावर कामाला असतो. दोनला सुटतो. पायवाटेनं एकटाच येतो. हे शेवटचं तर तिनंच वरून जोडलं होतं, पोलिसांनी जास्त काळजी घ्यावी म्हणून.

"चल, पिशवी घे," दादा म्हणाला. "आपला धाकला गोपाळ अन् चुलते पायवाटेवर थांबलेत."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं धम्मदीपला फोन लावला. रिंग बराच वेळ वाजली, मग कुणीतरी उचलला.

"ताई?" पलीकडून गोपाळ बोलला.