फळ्यावरची अर्धी बातमी

ते साल एकोणीसशे सदुसष्ट. सांजदैनिकाच्या कचेरीबाहेर एक फळा होता आणि रोज दुपारी तीन वाजता त्यावर त्या दिवसाची मोठी बातमी लिहिली जायची. अर्धीच. संपादकांचा नियमच होता तसा. "सगळं फुकटात कळलं तर अंक कोण घेईल? लोकांचा जीव टांगणीला लागला पाहिजे!"

टांगणीला लावायचं काम खडूबाईकडे. वय बावीस, अक्षर मोत्यासारखं. ते अक्षर मामाचं देणं. मामा घड्याळजी. तबकडीवरचे पुसट आकडे तो केसाएवढ्या कुंचल्याने पुन्हा काढायचा, आणि शेजारी बसवून त्यानेच भाचीच्या हाताला वळण लावलं होतं.

खडूबाईला या कामाची भलतीच मजा वाटायची. तिने 'उद्यापासून साखर…' लिहिलं, तर तासाभरात वाण्याच्या दारात रांग. अंकात होतं, उद्यापासून साखर कागदी पुड्यांत मिळेल. 'पुलावर आज…' लिहिलं त्या दिवशी अर्धं गाव पुलावर धावलं आणि कठड्याला टेकून वाट बघत राहिलं. बातमी एवढीच, की कठड्याला आज हिरवा रंग दिलाय. हेडमास्तरांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या पाठी हिरव्या! संपादक पोट धरून हसले. तीही हसली.

मग तो बुधवार आला. मामाच्या दुकानात कुणी अनोळखी माणूस सोन्याचं घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला. मामाने झाकण उघडलं, आत पूर्वीच्या दुरुस्तीत स्वतःच कोरलेली बारीक खूण दिसली. गावातल्या डॉक्टरांचं चोरीला गेलेलं घड्याळ! त्याने दुकान बंद केलं आणि घड्याळ तडक पोलिसांकडे नेऊन दिलं.

"आज पूर्ण लिही हो," छपाईचे खिळे जुळवता जुळवता कचेरीतला म्हातारा जुळारी म्हणाला. "घरचा माणूस आहे."

"घरच्यांना वेगळा नियम का, काका?" म्हणत तिने फळ्यावर लिहिलं, 'चोरीचे सोन्याचे घड्याळ : घड्याळजी पोलीस ठाण्यात…'

पाऊण तासात अंक संपले. "वा, पोरी!" संपादक म्हणाले. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पण अंक घेणारे किती आणि येता-जाता फळा वाचणारे किती, हा हिशेब तिने केला नव्हता. गुरुवारी मामाच्या दुकानात गर्दी झाली ती आपापली घड्याळं परत न्यायला. "झालं नसलं तरी चालेल, द्या." कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

"मामाला चोर ठरवायचंच होतं तर भाजीवालीच्या कानात सांगायचंस," मामी कडाडली. "तिने निदान पूर्ण तरी सांगितलं असतं!"

शुक्रवारी खडूबाई हट्टाने संपादकांसमोर उभी राहिली आणि फळा मागून घेतला. 'चोरीचे घड्याळ ओळखून घड्याळजींनी स्वतः पोलिसांकडे दिले. त्यांचा काहीही दोष नाही.' शेवटी ठसठशीत पूर्णविराम. लोक आले, वाचलं, पुढे गेले.

"आज काही विशेष नाही वाटतं," एकजण म्हणाला.

"दाबलं प्रकरण," दुसरा म्हणाला. "भाची आहे ना इथे कामाला."

ती खडू हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात मामा आला. बराच वेळ फळा न्याहाळत राहिला.

"'ळ' छान आलाय. दोन्ही गाठी सारख्या."

"मामा, ओरड ना रे माझ्यावर!"

"ओरडलं की हात थरथरतो गं," तो म्हणाला. "आता हातच तेवढा उरलाय."

दुकान वर्षभरात बंद झालं. मामाने पुढे एका कारखान्यात हजेरीच्या घड्याळाला किल्ली द्यायची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाला. कुंचला त्याने पुन्हा हातात धरला नाही. मामी अकरा वर्षांनी भाचीशी बोलली, तेही "मीठ सरकव" एवढंच. जुळारीने लग्नपत्रिकांचा छापखाना काढला. संपादक निवडणुकीला उभे राहिले आणि आपटले. डॉक्टर मात्र ते घड्याळ शेवटपर्यंत मनगटावर मिरवत होते, आणि ते कधी मिनिटभरही मागे पडलं नाही.

खडूबाई त्या शुक्रवारनंतर महिन्याभरातच कचेरी सोडून शाळेत शिकवायला लागली होती. तास संपल्याची घंटा झाली आणि फळ्यावरचं वाक्य अर्धं असलं, तर ते पूर्ण होऊन मुलांनी मोठ्याने वाचेपर्यंत ती कुणाला वर्गाबाहेर सोडायची नाही. मुलं चिडायची. कारण तिने कधी सांगितलं नाही.